भाकरीवरची शपथ

वाळू मुकादमाची टोळी पेस्टिंगला निघायची, तेव्हा पहिल्या सकाळी त्याच्या अंगणात बापांची रांग लागायची आणि प्रत्येक बापापुढं त्याचं एकेक लेकरू. कुणी डोळे चोळतंय, कुणाच्या नाकाला शेंबूड, कुणी शेळीच्या पिल्लाला काखेत मारून आलंय. बापानं लेकराच्या डोक्यावर उजवा हात ठेवायचा आणि म्हणायचं, "आठ दिस दारू शिवनार नाय. शिवली तर ह्याच्या डोक्यावर." मग वाळू त्याच्या हातात रबरी मोजे टाकायचा. शपथ आधी, मोजे नंतर.

द्राक्षबागेची छाटणी झाली की लगोलग काडीवरच्या डोळ्यांना लाल औषध लावावं लागतं, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. तेच पेस्टिंग. ते औषध हातातून अंगात मुरतं, आणि अंगात असताना वरून दारू पडली की माणूस लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास कोंडतो, आडवा होतो. दिंडोरीकडच्या बागांमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बागाईतदार सांगतो, दुकानदार सांगतो, बाटलीवर लिहिलेलं असतं. पण वाळू म्हणायचा, "लिवलेलं वाचून कोन थांबलंय? बिडीच्या बंडलावर बी लिवलेलं असतं." म्हणून त्यानं ही रीत पाडली होती.

तीन वर्षं सावळीरामचा हात यशश्रीच्या डोक्यावर पडत होता. यंदा त्याचं नाव आलं आणि ती पुढं झालीच नाही.

"यशी, ये की," सावळीराम म्हणाला.

"नाय आप्पा."

"अगं नाय काय? वाळूभाऊ थांबलेत."

"यंदा माझ्या डोक्यावर नको. मला खेळायचंय."

वाळू हसला. "काय गं, डोकं झिजतं का तुझं?"

"डोकं नाय झिजत. हात मोडतो," असं म्हणून यशश्रीनं डावं मनगट वर केलं. ते जरा वाकडंच बसलेलं होतं. अंगणातलं हसू खाली बसलं.

गेल्या वर्षी पाचव्या दिवशी सावळीरामनं दोन घोट घेतले होते. दोनच. तोंड टोमॅटोसारखं झालं, तासभर छाती धडधडली, मग उतरलं. पण त्याच संध्याकाळी यशश्री क्रेटच्या थप्पीवरून पडली आणि मनगट मोडून बसली. सावळीराम तिच्या प्लास्टरवर कपाळ टेकून लहान पोरासारखा रडला होता. तेव्हापासून त्याच्या मनात एक हिशेब घट्ट झाला: औषध काही करत नाही, करते ती शपथ. आणि नवल म्हणजे यशश्रीलाही तो पटला होता. पंधरा वर्षांची घोडी, दहावीत, विज्ञानात पंचाऐंशी मार्क. पण पटला होता.

"मंग बायकोच्या डोक्यावर घ्या की," वाळूची बायको सिंधुबाई चुलीपासून ओरडली.

"बायकोच्या डोक्यावर घेतली तर दिस मावळायच्या आत मोडंल!" रांगेतून कुणीतरी म्हणालं आणि अंगण खदखदलं. यशश्रीची आई, छाया, कुंपणाशी उभी राहून डब्याला फडकं बांधत होती. तिनं गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. हसली नाही.

वाळूनं डोकं खाजवलं. "शपथ नाय तर पेस्टला नाय सावळ्या. दुसरं पोर असतं तर गोष्ट येगळी."

सावळीराम मान खाली घालून उभा. अंगठ्यानं जमीन उकरत होता. टोळीत त्याच्यासारखा हात नव्हता कुणाचा. अख्ख्या ओळीत एक डोळा सुटायचा नाही. आणि आता त्याचीच पोर चारचौघांत म्हणत होती, तुमचा भरवसा नाय. तसं ती म्हणाली नव्हती. पण अंगणाला तेच ऐकू आलं.

शेवटी सिंधुबाईच तव्यावरची भाकर परातीत घालून घेऊन आली. "अन्नावर घे. अन्न बी लेकरावानीच हाय."

सावळीरामनं गरम भाकरीवर हात ठेवला. चटका बसला तरी काढला नाही. "आठ दिस दारू शिवनार नाय," म्हणाला. वाळूनं मोजे दिले. भाकर वाया कशी घालवायची, म्हणून सिंधुबाईनं तीच त्याच्या फडक्यात बांधली, वर लाल मिरचीचा ठेचा.

घरी जाताना यशश्री उड्या मारतच चालली होती. कधी नव्हे ते डोकं हलकं वाटत होतं. छाया मागून म्हणाली, "चारचौघांत बोलायची काय गरज होती? घरात सांगायचं."

"घरात सांगितलं असतं तर आप्पा रडले असते. मंग मी हो म्हनले असते."



*

तीन वर्षं यशश्रीची संध्याकाळ ठरलेली होती. शाळेच्या मैदानावर खो-खोचा सराव साडेपाचला रंगात यायचा आणि बरोब्बर तेव्हाच ती चपला हातात घेऊन पळत सुटायची. बाग सुटायची सहाला. बागेपासून वस्तीपर्यंतच्या वाटेवर ओढ्याकाठी एक पत्र्याची टपरी होती. तिथून सावळीराम एकटा गेला तर पाय आपोआप वळायचे. पोर बरोबर असली की नाही वळायचे. इतकी साधी गोष्ट. तो तिचा हात धरायचा, टपरीकडं पाठ होईल अशा बेतानं चालायचा आणि उगाच मोठ्यानं विचारायचा, "मंग, आज काय शिकवलं गं?" ती सांगायची. प्रकाशाचं परावर्तन, हडप्पा, जे आठवेल ते. तळहाताला त्याच्या हाताचा घाम कळायचा. टपरी मागं पडली की तो हात ढिला सोडायचा आणि तिचाही श्वास सुटायचा.

पोरी चिडवायच्या. "निघाली बघा आप्पाची राखणदार!" ती पण हसायची. पण वर्गात असताना पाऊस आला की तिला पहिलं आठवायचं, आज बाग लवकर सुटंल. गणिताच्या पेपरात शेवटचं उदाहरण सोडून ती उठली होती, पावणेसहा झाले म्हणून.

खेळाच्या उत्तरा मॅडम यंदाच बदलून आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिला खांबाशी थांबवलं. "तू रोज मध्येच कुठं जातेस?"

"घरी काम असतं मॅडम."

"काम बाकीच्यांना नसतं का? तुझ्यासारखा सूर या शाळेत कुणी मारत नाही. तालुका काढशील, जिल्हा काढशील. पण अर्ध्या सरावावर नाही."

असं कुणी तिला आजवर बोललं नव्हतं. "तुझ्यासारखा." घरात ती नेहमी "यशी हाय म्हनून बरंय" होती. ती असल्यानं कुणाचं तरी बरं व्हायचं. तिचं तिला काही होतं, हे नवीनच. महिन्याभरात ती आरशासमोर उभी राहून कमरेवर हात ठेवायला लागली. जिल्हा निघाला. विभागीय सामने नाशिकला, तीन दिवस, मुक्काम तिथल्या द्वारका चौकाजवळच्या एका शाळेत. आणि तारखा आल्या त्या नेमक्या पेस्टिंगच्या आठवड्यात.

"तू गेलीस तर त्यांना आनायला कोन जाईल?" छायानं विचारलं. ती दिवसभर छाटलेल्या काड्या गोळा करून आली होती. कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे, त्यावर खोबरेल चोळत होती.

"तू जा."

"मी?" छाया हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मला बघून त्यांची तहान वाढती. लगीन झाल्यापासून बघतीये."

"मंग मी काय करू? जाऊ नको का?"

छायानं दुसऱ्या हाताला तेल लावायला घेतलं. "जा," म्हणाली. "जायचं तर आता जा. पुढच्या वर्षी तू सोळाची होशील. मंग लोक तुझ्या लग्नाचं बोलतील, खेळाचं नाय."

*

पेस्टिंगच्या चौथ्या दिवशी सकाळी शाळेची जीप स्वराजभाऊंच्या बागेच्या बांधावर थांबली. ज्या बागेत टोळी होती ती हीच. यशश्री निळा टी-शर्ट घालून उड्या मारत ओळीत शिरली. पानं झडून गेलेल्या नागड्या वेली, तारेवर पसरलेल्या करड्या काड्या, आणि एकेका डोळ्यावर लाल ठिपका. बागेला गोवर आल्यासारखा. टोळीतले गडी गळ्यात डबा, हातात स्पंज घेऊन मान वर करून चालत होते. दिवसभर वर बघून माना आखडायच्या, औषध कोपरापर्यंत ओघळायचं. सावळीरामच्या उजव्या मोज्याचं बोट फाटलेलं होतं. बोट लालभडक.

"आप्पा, मोजा बदला की."

"बदलतो गं. मुकादम देतो का लवकर?" त्यानं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "पाठीवर नंबर बी हाय?"

"सात!" ती गर्रकन वळून दाखवत म्हणाली. "आन् आप्पा, नीट ऱ्हायचं बरं का. शपथ हाय."

"हाय की. भाकरीवर हाय."

"भाकर तर तुमी त्याच दिवशी खाल्ली!" यशश्री खळखळून हसली. "ठेच्यासंगं! आता शपथ पोटात गेली तुमच्या."

शेजारच्या ओळीतले गडी फिसकन हसले. सावळीरामही हसला. मग त्यानं मोजा काढला आणि हात उचलला, तिच्या डोक्यावर ठेवायला. पोर गावाबाहेर चालली म्हणजे बाप ठेवतोच. पण यशश्री झटकन बाजूला झाली. औषधाचा हात म्हणून की शपथेचा हात म्हणून, तिचं तिलाही कळलं नाही. मान आपोआप गेली.

हात तसाच अधांतरी राहिला. गड्यांनी बघितलं. सावळीरामनं तो हळूच वरच्या तारेवर नेला, जणू तार धरायलाच उचलला होता.

"जा," म्हणाला. "जीपवाला हॉर्न मारतोय."

हॉर्न कुणी मारत नव्हतं.

*

पहिल्या दिवशी त्यांनी धुळ्याच्या संघाला हरवलं. यशश्रीनं चार गडी मारले, त्यातला एक तर खांबापाशी असा सूर मारून की पंचांनीच "वा!" म्हटलं. संध्याकाळी मॅडमच्या मोबाईलवरून तिनं वाळूला फोन लावला, कारण टोळीत चालणारा फोन त्याचाच.

"आप्पा, आमी जिंकलो! मी चार मारले!"

"चार?" पलीकडून सावळीराम ओरडला. "अरे यशीनं चार मारले! चार!" मागं कालवा. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "तू कधी येशील?"

"परवा. उद्या उपांत्य हाय, परवा फायनल. आले तर."

"येशील की. तू येशीलच. मी आज सरळ घरी आलो बरं का. टपरीच्या बाजूनं बघितलं बी नाय."

"शाब्बास," यशश्री म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की हा शब्द उलटा झाला. हा त्यानं म्हणायचा असतो. पण पोरी पंगतीला बोलावत होत्या, ती पळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला उपांत्य सामना. समोर जळगाव, तगड्या पोरी. यशश्री पाटीवर बसली, म्हणजे शेजारच्या दोन पोरींच्या विरुद्ध दिशेला तोंड करून, पाठीवर खो पडायची वाट बघत. गुडघे फुटले, कोपर सोललं. एकदा खांबावर पूर्ण आडवी झाली आणि वाकड्या मनगटावरच पडली. काही झालं नाही. मातीत तोंड असतानाच तिला हसू फुटलं. डोक्यावर काही नव्हतं, म्हणून काही झालं नाही. दोन गुणांनी जिंकल्या. सगळ्या एकमेकींवर पडल्या, ओरडल्या, नाचल्या.

मग तिला उत्तरा मॅडम दिसल्या. त्या नाचत नव्हत्या. फोन छातीशी धरून उभ्या होत्या.

"यशश्री, चप्पल घाल. आपल्याला सरकारी दवाखान्यात जायचंय. बाबांना तिथं आणलंय."

"कधी?"

मॅडमनं तिच्याकडं बघायचं टाळलं. "फोन आला तेव्हा तुझा शेवटचा डाव चालू व्हायचा होता. मला वाटलं... अर्ध्या तासानं काय फरक पडतो."

म्हणजे ती मातीत हसत होती तेव्हा.

*

सिंधुबाई वॉर्डाच्या दाराशीच भिंतीला टेकून बसली होती. यशश्रीला बघून तिनं पदर तोंडाला लावला, मग काढला आणि सांगायला लागली, कारण न सांगता तिला राहवत नव्हतं.

"अगं, दुपारी स्वराजभाऊंची बाग सपली. दुसरी बाग उद्या. म्हनून लवकर सुटले सगळे. सकाळपास्नं त्याचं एकच, यशीनं चार मारले, यशीनं चार मारले. समद्यांना चहा पाजला. चहावर कुठं भागतंय? टपरीवर गेला. आमच्या ह्यांनी हटकलं, म्हनले, सावळ्या, शपथ? तर म्हनतो कसा, पोरीवर नाय ना यंदा. भाकर खाल्ली मी. शपथ पोटात गेली."

यशश्रीनं दारातून आत डोकावलं.

"सगळे हसले," सिंधुबाई म्हणाली. "आमचे हे बी हसले मेले. धा मिनटात तो पालथा. लाल, असा लाल की बघवंना. श्वास घेता येईना, नुसता तोंड उघडतोय मिटतोय. स्वराजभाऊंच्या पिकअपमधले क्रेट फेकून दिले आन् घातला. छाया मांडी देऊन बसली सगळ्या वाटंनं. एक शब्द बोलली नाय बाई. रडली बी नाय."

आत छाया पलंगाशी उभी होती. सावळीरामच्या नाकाला नळी, हाताला सलाईन, तोंड सुजल्यासारखं. जगेल, असं डॉक्टर म्हणाले, पण रात्र काढू द्या. आणि या आठवड्यात कुणी पाजली तर इथं आणू नका, असंही म्हणाले, चिडून. छायानं मान डोलावली, जणू तिनंच पाजली होती.

ती रात्र दोघींनी वॉर्डाबाहेरच्या फरशीवर काढली. एकदा यशश्री म्हणाली, "आई, ते मी म्हनले होते. पोटात गेली म्हनून. मीच."

छाया म्हणाली, "नीज."

*

सकाळी साडेसहाला सावळीरामनं डोळे उघडले. नर्सनं त्याचे हात स्पिरिटनं पुसून काढले होते. लाल रंग फक्त नखांच्या कडांना राहिला होता. यशश्रीला बघताच त्यानं तो हात पुढं केला.

"तुला काय झालं नाय ना? बघू, मनगट बघू."

तिनं मनगट दाखवलं. त्यानं अंगठ्यानं हाड चाचपलं, नीट आहे बघितलं आणि त्याचा चेहरा सैल झाला. "बघ. मी इचार केला होता. आधी सोताला इचारलं, पोरीवर हाय का? नाय. मंगच घेतली. तुझ्यावर असती तर जीव गेला तरी शिवली नसती." बोलताना दम लागत होता, तरी त्यात एक अभिमान होता, चोख काम केलेल्या माणसाचा. मग त्याची नजर खाली गेली. "गुडघ्याला काय गं?"

"खेळताना."

"कधी? काल? किती वाजता?"

"आप्पा, खेळताना लागतंच." ती गुडघे पलंगाआड नेत म्हणाली.

पण तो घाबरला होता. "भाकरीनं जमत नाय यशी," म्हणाला. "माझं मला जमत नाय. तू नव्हतीस तर संध्याकाळ अशी खायला उठायची. तू परत डोकं दे. एवढा हंगाम. मी मोडनार नाय. देतेस ना? इकडं ये."

हो म्हटलं की सगळं मिटत होतं. टी-शर्ट पिशवीत जाईल, साडेपाचला चपला हातात येतील, तळहाताला त्यांचा तो घाम कळेल, आणि आप्पा जगतील. तिनं काही विचार केला असंही नाही. ती वाकली. मान आपोआप गेली. तेव्हा बाजूला गेली होती, आता खाली गेली.

त्याचा हात वर आला. आणि डोक्याला टेकायच्या आत मध्ये दुसरा हात आला.

छायाचा. ओरखड्यांनी भरलेला तळहात तिनं लेकीच्या केसांवर पसरून ठेवला, आणि सावळीरामचा हात त्याच्यावर पडला.

"काढ गं हात," सावळीराम म्हणाला.

"नाय काढत."

"अगं शपथ घेतोय मी—"

"घ्या. माझ्या हातावर घ्या. नायतर तुमच्या सोताच्या डोक्यावर घ्या. तुमाला बी डोकं हाय." छायाचा आवाज चढला नव्हता, भांडी लावताना बोलावं तसं ती बोलत होती. "पोरीचं डोकं तिला लागतं."

यशश्री तशीच वाकून राहिली. दोन हातांचं वजन डोक्यावर होतं. एक थरथरत होता. दुसराही थरथरत होता, जरा वेळानं कळलं तिला.

सावळीरामनं शपथ घेतली नाही. त्यानं हात काढून घेतला, तोंड भिंतीकडं केलं, आणि चादर खांद्यावर ओढली. त्याची पाठ हलत होती. छाया त्याच्या पाठीकडं बघत उभी राहिली. पुढं होऊन तिनं ती थोपटली नाही, आणि तिथून हललीही नाही.

"आठला खेळ हाय ना तुझा?" ती म्हणाली. "मॅडम खाली थांबल्यात."

"आई, मी नाय जात."

"जा."

"आन् उद्या? घरी आले की? संध्याकाळी त्यांना आनायला—"

"माझं मी बघंन," छाया म्हणाली. मग, "नाय जमलं तर नाय जमलं. ते बी मीच बघंन."

*

आठ वाजून दहा मिनिटांनी यशश्री पाटीवर बसली. समोर नगरच्या पोरी. ऊन अजून कोवळं होतं, चुन्याच्या रेषा ताज्या होत्या. पलीकडं खुर्चीवर उत्तरा मॅडम बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्समध्ये फोन. यशश्रीनं ठरवलं होतं तिकडं बघायचं नाही. ती बघत होती. पर्स हलली असं वाटलं. नव्हती हलली. मॅडमनं रुमाल काढला. नुसता रुमालच होता.

मागून कुणीतरी धावत आलं, आणि तिच्या पाठीवर दाणकन हात पडला.

"खो!"

अर्धा क्षण उशीर झाला तिला. मग ती उठली, आणि पळाली.